पदरचं वाक्य

ताई घराबाहेर पडली, तर धाकट्याच्या पदरात एक खोली पडणार होती. मागच्या अंगाची, शांत, सकाळचं ऊन थेट टेबलापर्यंत आणणारी, भिंतीतल्या कपाटाची. खोलीबरोबर वरकड फायदेही होते. मुलाचं लग्न बिनबोभाट पार पडलं असतं, व्याह्यांपुढे मान ताठ राहिली असती, बायकोची भुणभुण थांबली असती, आणि ‘ताईला विचारून सांगतो’ हे लहानपणापासून जिभेला चिकटलेलं पालुपद एकदाचं सुटलं असतं. एवढ्या सगळ्या जमेसमोर खर्च काय, तर एक वाक्य: ‘ताई, ती खोली सोड.’

पण धाकटा रंगाचा दुकानदार. गिऱ्हाइकाने पांढरा मागितला तर मोतिया, मोतिया मागितला तर हस्तिदंती दाखवणारा. सरळ वाक्य खर्च करणं त्याच्या रक्तातच नव्हतं. ते बायकोने बोलावं, असं त्याला वाटे. बायकोला वाटे, मुलाने बोलावं, आत्याचा लाडका आहे तो. आणि लाडका मोबाईलमधून मान वर काढत नव्हता. असं ते वाक्य तिघांत टोलवाटोलवी होत घरभर फिरत होतं. ताईच्या कानावर मात्र पडत नव्हतं.

ताई म्हणजे धाकट्याची थोरली बहीण. साठीला टेकलेली, बिनलग्नाची, चष्म्याच्या वरून बघायची सवय असलेली. याच घरात वाढली. आईचं आजारपण तिने काढलं, मग वडिलांचं, दोन्ही त्या मागच्या खोलीत. घर धाकट्याच्या नावावर होतं. वडील असतानाच तिने सही करून दिली होती. घरातल्या घरात कसली आलीय वाटणी, असं तेव्हा तिलाच वाटलं होतं.

आणि ताई शब्दकोशात नोकरीला होती.

हे सांगितलं की लोक दोन प्रश्न विचारत. पहिला, “तिथे काम काय असतं? शब्द तर आधीच असतात ना?” दुसरा, “अजून संपला नाही?” कोश होता तो आपल्या भाषेत येऊन मुक्काम ठोकलेल्या इंग्रजी शब्दांचा. टेबल, डॉक्टर, टेन्शन, ड्यूटी. प्रत्येक शब्दाचा अर्थ लिहायचा, आपली माणसं तो कसा वापरतात ते दाखवायचं, आणि शेवटी तो मुळात कोणाच्या घरचा, कोणाकोणाच्या दारावरून फिरत इथवर आला, त्याची कुळकथा द्यायची. कार्यालय एका बँकेच्या वरच्या मजल्यावर, जिथे लिफ्ट जात नसे. बुटांच्या रिकाम्या खोक्यांमध्ये चिठ्ठ्या भरलेल्या, आणि त्या खोक्यांच्या भिंतीआड मुख्य संपादक. प्रत्येक वाद ते “बस्स” म्हणून संपवत, म्हणून कार्यालयाने त्यांचं नाव पूर्णविराम ठेवलं होतं.

पूर्णविरामांचे नियम दोन. पहिला: पदरचं वाक्य चालणार नाही. टेबलाशी बसून, पेन्सिल चावत, ‘राम टेबलावर पुस्तक ठेवतो’ असली वाक्यं पाडायची नाहीत. खऱ्या माणसाने खऱ्या जागी उच्चारलेलं वाक्य पाहिजे, आणि चिठ्ठीवर ते कोण, कुठे, कधी बोललं, ते पाहिजे. दुसरा नियम पहिल्याहून कडक: टिपणाऱ्याने त्या बोलण्यात तोंड घालायचं नाही. “साक्षीदार चालेल,” पूर्णविराम म्हणत, “फिर्यादी चालणार नाही. तुम्ही उत्तर दिलंत की वाक्य बाटलं. चिठ्ठी फाडायची. बस्स.”

या दोन नियमांनी ताईचा स्वभाव घडवला होता. कुठे चांगलं वाक्य पडलं, की तिचं तोंड मिटायचं आणि पर्स उघडायची. बसमध्ये, दवाखान्यात, भांडणात. पर्समध्ये कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा कायम असे. वडिलांच्या उशाशी उभं राहून डॉक्टर म्हणाले होते, “आता औषधं म्हणजे नुसती फॉर्मॅलिटी.” ताईने ते टिपलं. वाक्य अस्सल होतं. मागच्या खंडात ‘फॉर्मॅलिटी’खाली छापूनही आलं. टिपताना ती डॉक्टरांना काही विचारणार होती. काय ते नंतर तिला आठवलं नाही.

आणि हा असा स्वभाव धाकट्याच्या बायकोच्या पथ्यावर पडला.

भावी व्याही घर बघायला आले तो रविवार होता. विहीणबाई, व्याही आणि मुलगी असे तिघं. मुलगी हातापायांना व्यायाम देऊन बरं करणाऱ्यांपैकी, त्यामुळे खुर्चीत बसण्यापूर्वी तिने खुर्ची दाबून बघितली. काचेच्या कपाटातले कप निघाले. ते कप पाहुण्यांपुरतेच निघत. निळ्या किनारीचे, बशीसकट. घरच्यांचे मग ओट्याजवळ खिळ्यांना टांगलेले. ताईचा पिवळा मग कानाशी टवका उडालेला, पण दुसऱ्या मगातला चहा तिला चहा वाटत नसे.

चहा ताईनेच केला. ट्रे घेऊन ती येते तो भावजय पाहुण्यांना घर दाखवत मागच्या खोलीच्या दारात पोचलेली.

“आणि ही आमची गेस्ट रूम,” भावजय म्हणाली.

मुलीने आत डोकावलं. कॉटखाली सपाता होत्या. टेबलावर चष्म्याचं घर, औषधाची बाटली, चिठ्ठ्यांची चळत. खुंटीला घरात घालायचे कपडे.

“इथे कोणीतरी राहतं वाटतं?” तिने विचारलं.

“छे छे! गेस्ट रूमच आहे,” भावजय हसली. “सध्या ताई वापरतात.”

ट्रे हातात धरून ताई त्यांच्या पाठीमागे उभी होती. डोक्यात सणक गेली. ‘गेस्ट’ने नव्हे, ‘सध्या’ने. या खोलीच्या खिडकीचा कोयंडा तिच्या उंचीला वडिलांनी बसवला होता, तेव्हा धाकटा रांगत होता. सध्या!

आता इथे कोणतीही बाई काय करती? ट्रे आपटती. निदान “अगं, काय बोलतेस?” एवढं तरी म्हणती. पण वाक्य पडलं होतं, आणि वाक्य असं की वर्षभर कान टवकारून बसलं तरी मिळू नये. कोशाचा क्रम इंग्रजी; सध्या ‘एफ’ संपून ‘जी’चं काम चालू होतं आणि ‘गेस्ट’च्या खोक्यात एकही जिवंत वाक्य नव्हतं. ताईने ट्रे टेबलावर ठेवला. तोंड मिटलं. पर्स उघडली. शब्द सुटू नये म्हणून ती प्रत्येक शब्दागणिक मान हलवत लिहीत असे. तशीच मान हलवत तिने लिहिलं: ‘गेस्ट रूमच आहे. सध्या ताई वापरतात.’ खाली: भावजय, मागच्या खोलीच्या दारात. तारीख.

व्याह्यांनी जरा संकोचाने विचारलं, “ताईंची काही हरकत...?”

“ती कशाला हरकत घेते?” धाकटा म्हणाला. मोतिया रंगात हसला. “बघा की, मान डोलावतेय.”

पेनाला टोपण लावून ताईने डोकं वर केलं, तोवर बोलणं पडद्यांवर गेलं होतं. विहीणबाईंना खिडकीला फिकट हिरवे हवे होते. व्याही म्हणाले, पडदे आमच्याकडून.

संध्याकाळी कप धुऊन काचेच्या कपाटात गेले आणि मग ताईला वाचा फुटली.

“माझ्या खोलीला काय म्हणालीस ग तू?”

भावजय टेबल पुसत होती. तशीच पुसत राहिली. “त्यात काय एवढं ताई. बोलायची पद्धत असते.”

“आणि मी कुठे जायचं?”

“सगळं त्यांच्यासमोर ठरलं,” धाकटा म्हणाला. “तू तिथेच होतीस. मान हलवलीस.”

“मी लिहीत होते!”

“मग उलट बरंच. तोंडी नाही, लेखी दिलंस.” स्वतःच्या विनोदावर तो हसला. ताई हसत नाही हे बघून त्याने हसणं गिळलं. “हे बघ, पोराचं लग्न आहे. त्यांना काय हॉलमध्ये झोपवू? तू सांग. तुझाच भाचा आहे.”

हे मात्र खरं होतं, आणि खरं होतं म्हणून ताईचा आणखी संताप झाला. भाच्याला तिने अंगाखांद्यावर खेळवलं होतं. भाचा या क्षणी सोफ्यावर आडवा पडून कानात मोबाईलची बोंडं घालून होता; एक बोंड मात्र सैल होतं, म्हणजे ऐकत होता.

“तुम्हाला काय रस्त्यावर काढतोय का आम्ही?” भावजय म्हणाली. “हॉलमधला दिवाण आहे. नाहीतर तुमच्या ऑफिसजवळ नोकरीवाल्या बायकांची छान होस्टेलं आहेत म्हणे. सोबत होईल तुम्हाला.”

“सोबत,” ताई म्हणाली. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं वेचलेल्या बाईला स्वतःचं एक वाक्य सापडेना. ती खोलीत गेली आणि दार लावलं. आपटलं म्हणावं इतक्या जोरात नाही, याचाही तिला नंतर राग आला.

दुसऱ्या दिवशी पूर्णविरामांनी ती चिठ्ठी खिडकीच्या उजेडात धरली आणि त्यांचा चेहरा उजळला.

“वा! काय वाक्य आहे! हा ‘सध्या’ बघा, हा ‘सध्या’! ‘गेस्ट रूम’चा सगळा अर्थ त्या एका शब्दात बसलाय. पदरचं लिहायला बसलो असतो तर जन्मात सुचलं नसतं.”

“हं,” ताई म्हणाली.

“तुम्ही काही बोललात का मधे?”

“नाही.”

“शाब्बास!”

आजवर त्या ‘शाब्बास’साठी ती चिठ्ठ्या आणत आली होती.

“फक्त ते ‘ताई’ काढू,” पूर्णविराम पेन्सिल शोधत म्हणाले. “कोशात ओळखी नकोत. ‘सध्या त्या वापरतात.’ झालं. कोणी का असेना.”

“ती मी आहे, सर.”

पेन्सिल सापडली होती. त्यांनी चिठ्ठी बघितली, मग ताईला. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावर कळवळा आलासुद्धा. पण तो यायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात त्यांचं ‘ताई’ खोडून झालं होतं.

“वाईट झालं,” ते म्हणाले. “पण तुम्ही साक्षीदारच राहिलात, हे मोठं. नोंद पुरी करा आता. मुळापर्यंत.”

ताई टेबलाशी बसली आणि ‘गेस्ट’ची नोंद लिहायला घेतली. राग डोक्यात होता, अक्षर मात्र नेहमीसारखं. अर्थ पहिला: दुसऱ्याच्या घरी थोडे दिवस राहायला आलेली व्यक्ती, पाहुणा. दुसरा: हॉटेलात पैसे भरून उतरलेला. तिसरा: कार्यक्रमाला बोलावलेला, भाषण करून जाणारा. चौथा प्राणिशास्त्रातला: दुसऱ्याच्या अंगात किंवा वारुळात बिऱ्हाड करणारा जीव. चारही अर्थ तिने स्वतःला लावून बघितले. थोडे दिवस? नाही. पैसे भरून? वाणसामान कायम तिच्याच पगारातून येई, पण त्याला कोणी भाडं म्हटलं नव्हतं. बोलावलेली? जन्माला आली होती ती त्या घरात. राहता राहिलं वारूळ.

मग तिने मूळ काढलं. जाडजूड परदेशी कोश उघडून, या पानावरून त्या पानावर. फार जुन्या काळी, अनेक भाषांची एकच आजी होती तेव्हाचा एक शब्द. त्याचा अर्थ अनोळखी माणूस. त्याची एक लेक उत्तरेकडे गेली, तिच्या वंशात ‘गेस्ट’. दुसरी दक्षिणेत गेली, तिच्याकडे त्याच शब्दाचा आधी परका आणि मग शत्रू झाला. तिच्याच पोटी पाहुण्याला घरात घेणारा ‘होस्ट’ही निघाला, आणि त्याच्यामागून हॉस्पिटल, हॉटेल आणि होस्टेल. हे तिला आधीही ठाऊक होतं, पण पोटापुरतं ठाऊक होतं. आज ‘होस्टेल’ वाचताना भावजयीचा आवाज ऐकू आला. म्हणजे ते लोक तिला शब्दाच्या मागच्या दाराने बाहेर काढून पुढच्या दाराने त्याच घरात पाठवत होते!

पानाच्या तळाशी एक ओळ होती. त्या जुन्या शब्दाचा आणखी आतला अर्थ असा असावा की, ज्याचं आपण देणं लागतो आणि जो आपलं देणं लागतो, तो. पाहुणा आणि यजमान दोघांनाही एकच शब्द, कारण आज हा त्याच्याकडे, उद्या तो याच्याकडे.

ताईने ती ओळ पुन्हा वाचली. देणं दोन्ही बाजूंनी असतं तर. पाहुण्याचाही काही हक्क असतो. निदान चहाचा.

“ठीक आहे,” ती मोठ्याने म्हणाली. खोक्यांच्या भिंतीमागून पूर्णविराम म्हणाले, “काय?”

“काही नाही. गेस्ट तर गेस्ट.”

आणि दुसऱ्या दिवसापासून ताई त्या घरात पाहुणी म्हणून राहायला लागली.

सकाळी ती बाहेर जायच्या कपड्यात, पर्स मांडीवर घेऊन, हॉलमध्ये दाराजवळच्या खुर्चीत येऊन बसली. रोज या वेळेला ती पाण्याची मोटार लावत असे, दूध तापवत असे, धाकट्याच्या रक्तदाबाची गोळी त्याच्या ताटलीत ठेवत असे, भाच्याच्या शर्टावर इस्त्री फिरवत असे. ती बसून राहिली.

“चहा मिळेल का?” तिने विचारलं.

भावजय केस विंचरत बाहेर आली होती. तिला आधी कळेचना कोणाला विचारलं ते.

“आणि त्या कपात द्या,” ताईने काचेच्या कपाटाकडे बोट केलं. “निळ्या किनारीच्या. बशीसकट.”

“ताई, बरं आहे ना तुम्हाला?”

“मी आपली सध्या आहे,” ताई म्हणाली.

पहिल्या दिवशी घराला ती गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी टाकी कोरडी पडली, धाकटा तोंडाला साबण लावून न्हाणीघरात उभा, आणि बाहेरून ताईचा नम्र आवाज: “तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं?” तिसऱ्या दिवशी गॅस संपला. नवी टाकी कोणाला सांगायची, याची घरात कोणालाच कल्पना नव्हती. दूध उतू गेलं. धाकट्याने गोळी घेतली की नाही यावर नवराबायकोचं भांडण झालं, आणि त्यातच त्याचा रक्तदाब चढला. भाचा चुरगळलेल्या शर्टात कामाला गेला, जाताना म्हणाला, “आत्या, प्लीज ना.” ताईने त्याला विचारलं, “तू कुठे असतोस सध्या? काय करतोस?” पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्याही आलं, पण तिने पर्समध्ये काहीतरी शोधल्यासारखं केलं.

दुकानदाराला मालाची किंमत माल संपल्यावर कळते. धाकटा जेवताना म्हणाला, “ताई, हे काय चालवलंयस? चार लोकांत तमाशा?”

“भाजी छान झालीय,” ताई म्हणाली. “कोणी केली?”

“विकतची आहे!” भावजय किंचाळली.

पुढच्या रविवारी व्याही पुन्हा आले, या वेळेला खोलीची मापं घ्यायला. मुलीच्या हातात टेप होता. सोबत आणलेले पडदे शिवून तयार, त्या दिवशी अंदाजाने बघितलेल्या खिडकीच्या मापाचे. भावजयीने सकाळपासून एकटीने घर झाडलं होतं, पाणी भरलं होतं, भांडी घासली होती. कपाळाला चिकटलेले केस, हातात पोछा. आणि समोर ताई: दाराजवळच्या खुर्चीत, पर्स मांडीवर, निळ्या किनारीची बशी हातात, व्याह्यांना म्हणतेय, “या. तुम्हीही आलात का? बसा, जागा आहे.”

भावजयीचा बांध फुटला.

“पुरे झालं हो ताई!” पोछा जमिनीवर आदळला. “मी एकटी मरतेय इथे कामाने, आणि पाहुण्यासारख्या काय बसून राहता? घरातल्याच ना तुम्ही? हे घर तुमचं नाही का?”

व्याह्यांनी पडद्यांची घडी छातीशी धरली.

ताईचा हात आपोआप पर्समध्ये गेला. हाताला सवय होती. चिठ्ठी निघाली, पेनाचं टोपण निघालं. वाक्य तर असं होतं की पूर्णविराम खोक्यांच्या भिंतीवर चढून नाचले असते: ‘पाहुणा’ शब्दाचं उलटं टोक, त्याच तोंडातून, त्याच घरात. तिने डोकं खाली केलं. धाकट्याने ते पाहिलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. ताई लिहायला लागली म्हणजे निभावलं. लिहिणारी ताई कोणाला काही करत नाही. तो व्याह्यांना म्हणालासुद्धा, “या ना, इकडून या, खोली मागे आहे.”

हे तिने ऐकलं. आणि कसं कोण जाणे, त्याच्याही मागून तिला डॉक्टरांचा आवाज ऐकू आला. वडिलांच्या उशाशी ती काय विचारणार होती, ते या क्षणी लख्ख आठवलं. ‘त्यांना दुखतंय का?’ एवढंच विचारायचं होतं. फॉर्मॅलिटी शब्द टिपताना ते राहून गेलं.

तिने पेनाला टोपण लावलं.

“आहे,” ती म्हणाली.

धाकटा वळला. “काय?”

“हे घर माझं आहे का, असं विचारलं ना हिने? आहे. आणि ती गेस्ट रूम नाही. ती माझी खोली आहे. मी ती सोडणार नाही.” आवाज फुटत होता, चिरकत होता, आयुष्यात न वापरलेली वस्तू होती ती. “हॉलमध्ये नाही, होस्टेलात नाही. मापं घ्यायची तर दुसरीकडे घ्या!”

“पण ताई,” व्याही चाचरत म्हणाले, “त्या दिवशी तुम्ही मान...”

“त्या दिवशी मी लिहीत होते! आज बोलतेय. आमचे वडील त्या खोलीत गेले, तेव्हाही मी लिहीतच होते. पुष्कळ लिहून झालं!” आणि मग धाकट्याकडे वळून, बोट रोखून: “आणि तू! एक वाक्य होतं रे तुझ्याकडे. ‘ताई, खोली सोड.’ माझ्या तोंडावर म्हणाला असतास, तर पोरासाठी मी सोडलीसुद्धा असती! बायकोला पुढे केलंस. माझ्या मानेला पुढे केलंस! म्हण ना आता. म्हण!”

धाकट्याच्या दुकानात हा रंगच नव्हता.

भाच्याने कानातली दोन्ही बोंडं काढली होती. “ती आत्याचीच खोली आहे,” तो मुलीला म्हणाला. हळूच म्हणाला, पण म्हणाला.

मुलगी व्यवहारी. मोडलेल्या हाडाशी भांडत बसू नये, हे तिला धंद्यामुळे ठाऊक. तिने टेप गुंडाळला, बाजूच्या खोलीत डोकावलं आणि विचारलं, “मग ही कोणाची?”

ती धाकट्याची आणि भावजयीची होती. मोठी, रस्त्याकडची, दोन खिडक्यांची. उत्तराची वाट न बघता मुलीने टेप उलगडला.

सोमवारी ताईने कार्यालयात जाऊन खोक्यातून ती चिठ्ठी काढली आणि फाडली. कागद फाटल्याचा आवाज पूर्णविरामांना सगळ्या आवाजांतून ओळखू येई. ते धावत आले.

“हे काय केलंत? ते वाक्य!”

“मी उत्तर दिलं, सर.”

“कधी?”

“काल.”

“पण वाक्य तर आठवड्यापूर्वीचं! तेव्हा तर गप्प होतात ना? मग चालतं! नियम...”

“उत्तर त्याच वाक्याचं होतं. उशिरा दिलं, एवढंच. आता मी फिर्यादी आहे.” तिने तुकडे केराच्या डब्यात टाकले. “बस्स.”

तो शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची त्यांना सवय नव्हती. ते डब्यावर वाकून तुकडे जुळतात का बघू लागले. शेवटी कोशात ‘गेस्ट’खाली एका हॉटेलच्या पाटीवरचं वाक्य छापलं गेलं: ‘आमच्या गेस्टसाठी पार्किंग मोफत.’ खरं वाक्य, खरी जागा, खरी तारीख. वाचून कोणाचा डोळाही लवत नाही.

लग्न झालं. कोणाचं किती गेलं, ते आता मांडून टाकू. भाच्याचं आणि सुनेचं काही गेलं नाही, उलट अपेक्षेपेक्षा मोठी खोली मिळाली. व्याह्यांचे पडदे गेले; फिकट हिरवे, नको त्या खिडकीच्या मापाचे, ते अजून माळ्यावर आहेत. कोशाचं गेलं एक जिवंत वाक्य. धाकट्याने एक वाक्य वाचवलं आणि त्यापायी स्वतःची झोपायची खोली घालवली. तो आणि भावजय आता हॉलमधल्या दिवाणावर झोपतात आणि सकाळी पहिला येणारा त्यांना अंथरुणात गाठतो. तो ताईशी कामापुरतं बोलतो. भावजय तेवढंही नाही.

ताईची खोली राहिली. मोटार ती पुन्हा लावते, दूध तापवते, गोळी ताटलीत ठेवते. आणि रोज सकाळी भावजय तिच्या टेबलावर, उन्हाच्या तुकड्यात, न बोलता चहा आणून ठेवते. निळ्या किनारीच्या कपात, बशीसकट. पिवळा मग ओट्याजवळच्या खिळ्यावरून नाहीसा झालाय. कुठे आहे ते विचारलं तर सापडेलही, पण स्वतःच्या घरात स्वतःचा मग मागायला ताईची जीभ रेटत नाही. चहा गरम असतो. राग अजून उतरलेला नाही. कप मात्र तिनेच मागून घेतलेला आहे, तेव्हा तो तिच्याच खात्यावर.